एका सीझनला दोन चॅम्पियन: युरोलीग २०००-०१ चा घोळ

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

फोनवर युरोपच्या बास्केटबॉल चॅम्पियन क्लबांची यादी उघडा आणि स्क्रोल करत जा. १९५८ पासून सुरू होते. एक वर्ष, एक क्लब. एक वर्ष, एक क्लब. आणि २००१ पाशी आलात की अचानक दोन नावं दिसतात: मॅकाबी तेल अवीव आणि किंडर बोलोन्या. टाय झाली होती का? नाही. ट्रॉफी वाटून घेतली का? तेही नाही. या दोन टीम त्या सीझनला युरोपच्या कोर्टवर एकमेकींसमोर आल्याच नाहीत. दोघी आपापली फायनल जिंकल्या, तीन दिवसांच्या अंतराने, आणि दोघी युरोपच्या चॅम्पियन झाल्या. आजही दोघींचं विजेतेपद अधिकृत धरलं जातं.

आता हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्यातले बरेच जण बास्केटबॉल म्हणजे एनबीए एवढंच बघतात. युरोपात प्रकार वेगळा आहे. तिथे क्लब आपल्या देशाच्या लीगमध्ये खेळतो, आणि त्याच सीझनमध्ये मधल्या वारी युरोपच्या स्पर्धेत खेळतो. फुटबॉलची चॅम्पियन्स लीग डोळ्यासमोर आणा, तसंच. ही युरोपची स्पर्धा सुरू केली आणि चालवली ती फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने. १९९६ मध्ये त्यांनी तिला नवं, झकास नाव दिलं: युरोलीग.

दुसरीकडे १९९१ मध्ये स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या लीगांनी मिळून एक संघटना काढली होती, युलेब. सुरुवातीला नुसती एकत्र बसून बोलण्याची जागा. पण नव्वदच्या दशकात गणित बदलत गेलं. १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपियन युनियनमधले खेळाडू करार संपला की मोकळेपणाने क्लब बदलू लागले. खेळाडूंचे पगार चढले, आणि ते पगार भरत होते क्लब. हॉलचा खर्च क्लबांचा, प्रवास क्लबांचा, तोटा झाला तर तोही क्लबांचा. टीव्हीचे हक्क आणि स्पॉन्सर मात्र फिबाच्या हातात. मोठ्या क्लबांचं म्हणणं सरळ होतं की दुकान आमचं आहे तर गल्ल्यावर आम्हाला बसू द्या. फिबाचं म्हणणं, हा खेळ आम्ही उभा केला, नियम आमचे, स्पर्धा आमची. दोन्ही बाजू आपापल्या जागी पटण्यासारख्या होत्या, आणि म्हणूनच भांडण मिटेना.

२००० च्या उन्हाळ्यात मोठ्या क्लबांचा एक गट उठला आणि युलेबच्या छत्राखाली स्वतःची स्पर्धा जाहीर केली. मागे स्पॅनिश टेलिकॉम कंपनी टेलिफोनिकाचा पैसा होता. आणि नाव काय ठेवलं? युरोलीग.

हो, तेच नाव. फिबाने चार वर्षं ते वापरलं, पण ट्रेडमार्क म्हणून रजिस्टरच केलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट लाँच केलं, युझर आले, लोगो छापला, आणि डोमेन विकत घ्यायचं राहून गेलं. कोर्टात जाण्यासारखं काही हातात नव्हतं. त्यामुळे मूळ स्पर्धा चालवणाऱ्यांनाच आपल्या स्पर्धेसाठी नवं नाव शोधावं लागलं. त्यांनी ठेवलं सुप्रोलीग. (मोठ्याने म्हणून बघा. डिटर्जंट वाटतं की नाही?)

ही ट्रेडमार्कची गोष्ट इतकी मजेदार आहे की सगळीकडे तीच सांगितली जाते, जणू नाव गेलं म्हणून फिबा हरली. मला हे पटत नाही. नाव गमावूनही फिबाकडे त्या वर्षी तगडे क्लब राहिले. २००० चा चॅम्पियन अथेन्सचा पानाथिनायकोस फिबाकडे. त्याच्याशी फायनल हरलेला मॅकाबीही फिबाकडे. सीएसकेए मॉस्को, इस्तंबूलचे एफेस पिल्सन आणि उल्कर, बेलग्रेडचा पार्टिझान, हे सगळे तिथेच. एकूण २० टीम. युलेबकडे २४: रेआल माद्रिद, बार्सेलोना, व्हिटोरियाचा टाऊ सेरामिका, त्रेव्हिझोचा बेनेटन, बोलोन्याचे दोन्ही क्लब, ऑलिंपियाकोस.

यादी नीट बघितलीत? ग्रीसमधले हाडवैरी पानाथिनायकोस आणि ऑलिंपियाकोस दोन वेगवेगळ्या युरोपांत. इटलीचे क्लबसुद्धा फाटले: सिएना आणि पेझारो इकडे, बोलोन्या आणि त्रेव्हिझो तिकडे. स्पेनचे सगळे एका बाजूला, तुर्कस्तानचे सगळे दुसऱ्या. ओपन सोर्सवाले याला फोर्क म्हणतात. कोड तोच, डेव्हलपर दोन गटांत, आणि युझरला कळेना की अपडेट कुठून घ्यायचं.

इथे आपल्याकडचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. २००७ ची इंडियन क्रिकेट लीग, आयसीएल. एस्सेल ग्रुपने काढली, मुंबई चॅम्प्स नावाची टीमसुद्धा होती त्यात. बीसीसीआयने तिथे खेळणाऱ्यांवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी आयपीएल आणली, आणि २००९ मध्ये खेळाडू माफी घेऊन परत आले. खेळ संपला. मग युरोपात बंडखोर टिकले कसे? माझ्या मते फरक इथे आहे: आयसीएलच्या टीम कोऱ्या होत्या, त्यांचा कुणी पिढीजात चाहता नव्हता. रेआल माद्रिद किंवा बोलोन्याच्या व्हिर्टुसला चाहते कुठल्या फेडरेशनने मिळवून दिले नव्हते. क्लब जिथे जाईल तिथे माणसं जाणार. आणि इतक्या क्लबांवर एकदम बंदी घालायची, तर त्यांच्या देशांच्या लीगच बंद पडल्या असत्या.

१६ ऑक्टोबर २००० ला माद्रिदमध्ये नव्या युरोलीगची पहिली मॅच झाली. ऑलिंपियाकोसने रेआल माद्रिदला त्यांच्याच शहरात ७५-७३ ने हरवलं. सुरुवात तर मस्त झाली.

आता माझा आवडता भाग, फॉरमॅट.

फिबाने आपली १९८८ पासूनची पद्धत ठेवली, फायनल फोर. चार टीम एका शहरात येतात, सेमीफायनल एक मॅच, फायनल एक मॅच, वीकेंडमध्ये निकाल. युलेबने एनबीएसारखं केलं. सेमीफायनल आणि फायनल दोन्ही बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे जो आधी तीन मॅच जिंकेल तो पुढे. हा फरक वरवरचा नाही. छोटं गणित करू. समजा तुमची टीम समोरच्यापेक्षा थोडी चांगली आहे आणि कुठलीही एक मॅच जिंकण्याची शक्यता ६० टक्के. फायनल फोरमध्ये सलग दोन जिंकायच्या, म्हणजे ०.६ गुणिले ०.६, ३६ टक्के. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये एक सिरीज जिंकण्याची शक्यता होते साधारण ६८ टक्के, दोन सिरीज सलग जिंकण्याची सुमारे ४७. टीम तीच, कप उचलण्याचे चान्स एवढे वेगळे. लांब सिरीज चांगल्या टीमला सांभाळून घेते. एका मॅचच्या फायनलमध्ये एखादी वाईट रात्र पुरते.

युलेबची फायनल झाली किंडर बोलोन्या आणि टाऊ सेरामिका यांच्यात. किंडर हे व्हिर्टुस क्लबचं तेव्हाचं स्पॉन्सरचं नाव, आणि हो, ते चॉकलेटवालं किंडरच. त्याच फेरेरो कंपनीचा कारखाना आज आपल्या बारामतीत आहे, एवढाच आपला या टीमशी संबंध. कोच एटोरे मेसिना. टीममध्ये फ्रान्सचा अँटोन रिगोदो, मार्को यारिच, उंचापुरा रशार्ड ग्रिफिथ, आणि अर्जेंटिनाचा एक डावखुरा पोरगा, मानू जिनोबिली. स्पर्सने त्याला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५७ व्या नंबरवर घेऊन ठेवलं होतं, पण तो अजून युरोपातच होता. समोर टाऊकडे कोच दुश्को इव्हानोविच आणि तरुण लुईस स्कोला, तोही अर्जेंटिनाचाच. सेमीफायनलमध्ये किंडरने आपल्याच शहरातल्या फोर्टिटुडोला ३-० ने घरी पाठवलं होतं. घरी म्हणजे काय, दोन बसस्टॉप पलीकडे.

पहिली मॅच बोलोन्यात, आणि टाऊने ती ७८-६५ ने मारली. म्हणजे यजमानपणाचा फायदा पहिल्याच रात्री गेला. एका मॅचची फायनल असती तर इथेच कप स्पेनला गेला असता. दुसरी किंडरने ९४-७३ ने घेतली. मग व्हिटोरियाला जाऊन ८०-६०, परक्या हॉलमध्ये वीस पॉइंटने. चौथीत टाऊने ९६-७९ अशी परतफेड केली. २-२. पाचवी परत बोलोन्यात, १० मे २००१ ला. किंडर ८२, टाऊ ७४. जिनोबिली फायनलचा एमव्हीपी. एक मजा सांगते, पाचही मॅचची बेरीज केलीत तर किंडर ४००, टाऊ ३८१. पाच रात्रींत फक्त १९ पॉइंटचा फरक, आणि तरी त्यातली एकही मॅच शेवटच्या शॉटवर गेली नाही. किंडरने त्या सीझनला इटालियन कप आणि इटालियन लीगसुद्धा जिंकली.

दुसऱ्याच दिवशी, ११ मे ला, पॅरिसच्या बेर्सी हॉलमध्ये सुप्रोलीगचा फायनल फोर सुरू झाला. मॅकाबीने सीएसकेएला ८६-८० ने काढलं. त्या सीएसकेएमध्ये आंद्रेई किरिलेन्को होता, जो लगेच पुढच्या सीझनला एनबीएत गेला. पानाथिनायकोसने एफेसला ७४-६६ ने हरवलं. १३ मे ची फायनल म्हणजे आदल्या वर्षीच्या फायनलचाच दुसरा अंक. या वेळी मॅकाबी ८१, पानाथिनायकोस ६७. एमव्हीपी एरियल मॅकडोनाल्ड, कोच पिनी गेर्शोन. हरलेल्या बाजूला झेल्यको ओब्रादोविचसारखा कोच आणि देयान बोदिरोगासारखा खेळाडू होता, म्हणजे हा कप कुणी फुकट दिला असं अजिबात नाही.

मग खरा चॅम्पियन कोण? किंडर विरुद्ध मॅकाबी कधी झालीच नाही. चाहते तासन् तास भांडू शकतात, पण डेटाच नाही. आणि माझ्या मते त्या वर्षी नेमकं काय हरवलं ते इथे दिसतं. युलेबकडे नाव होतं, पैसा होता. फिबाकडे १९५८ पासूनची परंपरा होती, गतविजेता होता. तरी दोघांची स्पर्धा अर्धीच वाटत होती, कारण "युरोपचा चॅम्पियन" या शब्दांना वजन येतं ते सगळे क्लब एकाच ड्रॉमध्ये असतात म्हणून. निम्मे बाहेर असले की टीव्हीवाला तेवढे पैसे का देईल? चाहत्याने तरी छाती का फुगवावी?

हे दोन्ही बाजूंना एका सीझनमध्येच कळलं. मे २००१ मध्येच एकत्र येण्याचं ठरलं, आणि २००१-०२ ला पुन्हा एकच युरोलीग, क्लबांच्या कंपनीच्या हातात. ४४ जागांच्या ३२ झाल्या. फिबाच्या हातून आपली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा गेली.

पण एक गंमत बघा. भांडण जिंकलं युलेबने, आणि फॉरमॅट मात्र फिबाचा ठेवला. पाच मॅचची फायनल एकाच सीझनपुरती राहिली. पुढच्या वर्षीपासून परत फायनल फोर. वरचं गणित आठवा: सिरीज जास्त न्याय्य आहे. पण सगळा युरोप एका शहरात, एका वीकेंडला, हे विकायला सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर बघायलाही भारी आहे. मी इंजिनिअर म्हणून सिरीजच्या बाजूची आणि प्रेक्षक म्हणून फायनल फोरच्या.

त्या २००२ च्या फायनल फोरचं यजमान शहर होतं बोलोन्या. सेमीफायनलला पानाथिनायकोससमोर मॅकाबी, म्हणजे सुप्रोलीगची फायनल परत एकदा, आणि या वेळी पानाथिनायकोस ८३-७५ ने जिंकला. फायनलमध्ये समोर किंडर, स्वतःच्या शहरात, मेसिना आणि जिनोबिलीसह. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये हरलेल्या ओब्रादोविचच्या टीमने युरोलीगच्या चॅम्पियनला ८९-८३ ने हरवलं. एमव्हीपी बोदिरोगा. म्हणजे दोन चॅम्पियन असलेल्या वर्षानंतरचा कप तिसऱ्यानेच नेला. त्यानंतर जिनोबिली स्पर्सकडे गेला आणि २००३ ला एनबीए चॅम्पियन झाला.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण? २०१६ मध्ये फिबाने बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग नावाची वेगळी स्पर्धा काढली, ती आजही युरोलीगच्या शेजारी चालते. आणि मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबा यांनी मिळून जाहीर केलं की युरोपात नवी लीग काढायचा विचार सुरू आहे. २००० मध्ये फिबाच्या स्पर्धेचं नाव बंडखोरांनी उचललं होतं. आता ते बंडखोरच प्रस्थापित आहेत, २०२५-२६ ला त्यांच्याकडे २० क्लब आहेत, आणि दारावर फिबा एनबीएला घेऊन उभी आहे. बातम्यांमध्ये लोगो आणि आकडे खूप येतील. तुम्ही फक्त एक यादी ठेवा: पानाथिनायकोस, ऑलिंपियाकोस, रेआल माद्रिद, बार्सेलोना, मॅकाबी, फेनरबाचे. कोण कुठे सही करतं त्यावर टिक मारत जा.

पुढच्या एपिसोडला भेटू. किंडर की मॅकाबी, तुमचं मत व्हॉइस नोटवर पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत.