कल्पना दाखवायची केव्हा?

वस्तूला देखणे रूप देणे एवढाच डिझाइन थिंकिंगचा अर्थ नाही. वापरणाऱ्याची अडचण त्याच्या जागी जाऊन पाहायची, प्रश्न नव्याने मांडायचा, उत्तराचे कच्चे नमुने करून त्याच्याच हाती द्यायचे आणि फसेल ते बदलत राहायचे, अशी ही कामाची रीत आहे. अमेरिकेतील आयडिओ ही डिझाइन कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डी.स्कूल यांनी ती लोकप्रिय केली. पाठ्यपुस्तकात तिच्या पाच पायऱ्या ओळीने काढलेल्या असतात. प्रत्यक्षात काम सतत मागेपुढे होते.

स्टॅनफर्डमधल्याच एका अभ्यासक्रमात 2007 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटापुढे विकसनशील देशांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवण्याचे काम आले. गटातील एक जण नेपाळला गेला. तिथल्या शहरी रुग्णालयात इन्क्युबेटर होते, पण त्यांतले बरेच रिकामे होते. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे दूरच्या खेड्यांत घरीच जन्मत आणि शहरापर्यंत पोहोचतच नसत. त्यामुळे प्रश्नच बदलला. यंत्र स्वस्त कसे करायचे याऐवजी, विजेचा भरवसा नसलेल्या घरात बाळ उबदार कसे ठेवायचे, हे शोधायचे ठरले. त्यातून ‘एम्ब्रेस’ ही बाळाला गुंडाळायची पिशवी तयार झाली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची थैली असते. ती आधी तापवून घेतात. मग वितळलेला पदार्थ गोठत असताना साठलेली उष्णता हळूहळू बाहेर पडते आणि तापमान काही तास 37 अंश सेल्सियसच्या आसपास टिकते.

महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावात चाचणी घेताना वेगळीच गोष्ट पुढे आली. थैली 37 अंशांपर्यंत तापवा, असे सांगितल्यावर एका आईने आपण 30च्या आसपासच थांबू, असे सांगितले. डॉक्टरांची औषधे फार कडक असतात, म्हणून ती बाळाला निम्मीच द्यायची, हा तिचा नेहमीचा शिरस्ता होता. नमुन्यात बिघाड काहीच नव्हता, तरी बाळाला धोका होता. नंतर तापमानपट्टीवरचे आकडे गेले आणि योग्य तापमान आल्यावर ‘ओके’ दिसेल, अशी सोय झाली. प्रयोगशाळेत हे कोणाला सुचले नसते.

कायद्याची अडचण इथेच सुरू होते. ही रीत नमुना लोकांना दाखवल्यावाचून चालत नाही आणि पेटंट मागायचे तर अर्जापूर्वी शोध जाहीर झालेला चालत नाही. शिवाय नुसत्या कल्पनेला संरक्षण नसते. ती प्रत्यक्षात कशी उतरते, हे जाणकाराला करून पाहता येईल इतके तपशीलवार लिहावे लागते.

भारतात यावर सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज. शोध पुरता पक्का नसतानाही तो करता येतो, त्या दिवसाचा अग्रक्रम मिळतो आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी 12 महिने मिळतात. चाचणीची मोहीम याच काळात आखावी. मात्र अग्रक्रम अर्जात लिहिलेल्या भागालाच मिळतो. चाचणीत सुचलेल्या सुधारणेसाठी दुसरा प्रोव्हिजनल अर्ज करता येतो आणि परस्परसंबंधित अर्ज पुढे एकत्रही करता येतात. मोजक्या तज्ज्ञांना नमुना दाखवायचा असेल तर गोपनीयतेचा करार पुरतो. गावातल्या प्रत्येक आईची सही घेत फिरणे मात्र अशक्यच. उघड्यावर चाचणी घेण्यावाचून गत्यंतर नसलेल्या शोधांना पेटंट कायद्याच्या कलम 32 मध्ये एक वर्षाची मर्यादित सवलत आहे. तिच्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही, कारण परदेशांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत संशोधकाने स्वतः शोध जाहीर केल्यानंतरही अर्जासाठी एक वर्ष मिळते, तर युरोपात साधारणपणे एकही दिवस मिळत नाही.

प्रत्येक शोध पेटंटच्या चौकटीत बसतो असेही नाही. आकड्यांच्या जागी ‘ओके’ आणणे हा बदल कितीही मोलाचा असला, तरी नुसत्या माहितीच्या मांडणीला भारतात पेटंट मिळत नाही; कलम 3 मध्ये ती वगळलेली आहे. तापमान ओळखणारी नवी तांत्रिक रचना असेल, तर गोष्ट वेगळी. वस्तूच्या बाह्य रूपासाठी डिझाइन कायदा, 2000 आहे. त्याखाली 10 वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. तिथेही रूप आधी प्रसिद्ध झालेले नसावे लागते. पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षांची असते. ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येतो, म्हणून नाव लवकर नोंदवलेले बरे.

श्रेय कोणाचे, हा या पद्धतीतला नाजूक मुद्दा. अडचण सांगणारी व्यक्ती सहसा संशोधक ठरत नाही. पण वापरणाऱ्यानेच नेमका तांत्रिक उपाय सुचवला आणि तो दाव्यात आला, तर त्याचे नाव संशोधकांत यायला हवे. दुसऱ्याचा शोध आपला म्हणून मिळवला, या कारणावरून पेटंटला हरकत घेता येते. भारतात अग्रक्रम अर्जाच्या तारखेवर ठरतो, वहीतल्या नोंदीवर नाही. तरीही कोणत्या चाचणीत कोणी काय सुचवले याची तारीखवार वही ठेवतात, ती या श्रेयाच्या वादासाठी.