पोरांची पोटगी: संशय आला तर काय करायचं?

 

आज जरा नाजूक विषय घेतलाय. नवरा-बायको वेगळे झाले, मुलं एकाकडे राहिली आणि दुसऱ्याकडून त्यांच्यासाठी दरमहा पोटगी येते. कुणी तिला खावटी म्हणतं. काही महिन्यांत कुजबुज सुरू होते, "पैसे पोरांचे, पण उडवते ती." मग पैसे बंद होतात आणि फी थकते ती पोराची.

आपल्या गटात या भांडणाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसतात. एकीचा लेक पैसे पाठवतो आणि नातवंडांच्या पोटात ते जातात का, याचा तिला घोर. दुसरी पैसे घेते आणि तिच्यावर बोट दाखवलं जातं. कधी उलटंही असतं. आई पुण्याकडे कंपनीत राबून पैसे पाठवते आणि मुलं सासरी असतात. म्हणून आज आपण बाजू घेऊ ती मुलांची.

आधी हिशेब समजून घेऊ. १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपानं पुणतांब्याचं नाव राज्यभर गेलं. खर्च किती आणि हातात येतं किती, हाच तर तिथला सवाल होता. तोच सवाल घरात लावून बघा.

समजा, एक आई आणि दोन मुलं आहेत. मुलांची पोटगी ६,००० रुपये. खोलीचं भाडं २,४००, किराणा-दूध-भाजी ६,०००, गॅस आणि लाईट बिल १,२००. हा खर्च तिघांचा, म्हणजे त्यात मुलांचा वाटा ६,४००. शाळेची रिक्षा ९०० आणि वह्या-औषधं ५०० धरली की मुलांचा खर्च ७,८०० झाला. वरचे १,८०० आई मजुरीतून घालते. आता तिच्या अंगावर नवी साडी दिसली, तर ती पोटगीतून आली असं कसं म्हणायचं? भाडं आणि गॅस हाही मुलांचाच खर्च आहे.

आता कायदा. पूर्वी पोटगीचा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू आहे. पोटगी घेणाऱ्यानं दरमहा पावत्या दाखवाव्यात, अशी अट या कलमात नाही. पण संशय आला म्हणून आपल्या मनानं पैसे बंद करायची मुभाही नाही. पैसे थकले तर कोर्ट वसुलीचं वॉरंट काढतं आणि तरीही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. घेणारीनंही ध्यानात ठेवावं, की थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो.

आपल्या राज्यातलाच एक खटला या बाबतीत देशभर वाट दाखवतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयानं एका पत्नीला दरमहा १५,००० आणि तिच्या लहानग्या मुलाला वेगळे ५,००० रुपये ठरवून दिले. सप्टेंबर २०१५ पासून मुलाची रक्कम १०,००० केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० ला 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल लागला. तेव्हापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन, पीक, जनावरं, सगळं त्यात लिहायचं. म्हणजे हिशेब मागायची रीतसर जागा आहे. तो पारावर मागायची गरज नाही.

मग संशय आला तर काय करावं?

पहिलं, मुलाकडे बघा. पोटभर खातं का, शाळेत जातं का, आजारी पडलं तर दवाखाना होतो का? हे ठीक असेल, तर पैसे पोचत आहेत. मात्र मुलाला खबऱ्या करू नका. "आई काय काय घेते गं?" असं विचारलं की लेकरू दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतं.

दुसरं, थेट आणि गोडीनं विचारा. सासूबाईंनी सुनेला "फी भरली का? नसेल तर पावती पाठव, आम्ही बघतो," असं म्हटलं तर भांडण होत नाही.

तिसरं, पैसे रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, म्हणजे दोघांकडे पुरावा राहतो. फी परस्पर शाळेत भरायची असेल तर तसं दोघांनी लिहून ठरवा. कोर्टाचा हुकूम असेल तर त्यात तसा बदल मागा. आपल्या मनानं रक्कम कापू नका.

चौथं, खरंच फी भरली जात नसेल, मूल उपाशी राहत असेल, तर कोर्टात जा. परिस्थिती बदलली म्हणून कलम १४६ खाली हुकूम बदलून मागता येतो. मुलाचा ताबा मागायचा तर १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. तिथे कोर्ट आधी मुलाचं हित बघतं. मुलाची आबाळ किंवा मारहाण होत असेल तर १०९८ वर फोन करा.

आणि पोटगी घेणाऱ्या मैत्रिणींनो, एक वही घाला. तारीख, आलेली रक्कम, मुलांचा खर्च. फीच्या आणि औषधांच्या पावत्या पिशवीत जपून ठेवा. गटाची वही आपण ठेवतोच की! उद्या कुणी आरोप केला तर हीच वही तुमच्या बाजूनं बोलेल. मुलं मोठी झाली, खर्च वाढला, तर वाढीव पोटगी मागायलाही तीच कामी येईल.

वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. राहात्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

येत्या बैठकीत एवढं करा. वर मांडला तसा आपापल्या घरातल्या एका मुलाचा महिन्याचा खर्च प्रत्येकीनं लिहून आणा. आकडे समोर आले की दुसरीवर बोट दाखवताना हात आपोआप थांबेल. आणि कुणा लेकराचा हक्क खरंच बुडत असेल, तर तोही लपणार नाही.