बुरशी जेव्हा मेंदूकडे सरकते

२०२१ चा एप्रिल महिना भिलाईकर सहजासहजी विसरणार नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने दुर्ग जिल्ह्याला चांगलेच घेरले होते. ६ एप्रिलपासून जिल्ह्यात टाळेबंदी होती. एरवी पोलाद गाळण्यासाठी वापरला जाणारा कारखान्यातील प्राणवायू टँकरने रुग्णालयांकडे रवाना होत होता. मे महिन्यात लाट ओसरू लागली, माणसे घरी परतू लागली. घरोघरी सुटकेचा निःश्वास टाकला जात असतानाच एक नवे नाव कानांवर येऊ लागले – काळी बुरशी.

कोरोनातून उठलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखू लागे किंवा बधिर होई. नाकातून रक्ताळलेला, काळपट स्राव येई. वरचे दात हलू लागत. घरच्यांना वाटे, आजारपणाचा अशक्तपणा असेल, नाही तर दाढेचे दुखणे. पण काही दिवसांतच पापणी खाली येई, एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागत. भिलाईतही या रोगाने बळी घेतला. छत्तीसगडातील अनेक रुग्णांना रायपूरच्या एम्समध्ये हलवावे लागले. जुलै २०२१ पर्यंत देशातील रुग्णांची संख्या ४५ हजारांवर गेली होती. त्यांत सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रातील होते.

काळा रंग कशाचा?

वैद्यकात या रोगाला म्युकरमायकोसिस म्हणतात. त्याची बुरशी काही परदेशातून आलेली नाही. माती, शेणखत, कुजलेला पाला, नासकी फळे यांवर ती नेहमीच वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू आपण सगळेच श्वासावाटे आत घेतो. निरोगी शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात.

परंतु मधुमेह आटोक्यात नसेल, तर या पेशी दुबळ्या पडतात. त्यात स्टेरॉइडची भर पडली, की साखर आणखी वाढते आणि प्रतिकारशक्ती आणखी घटते. प्राणवायूची पातळी खालावलेल्या कोरोना रुग्णांना स्टेरॉइडने जीवदान दिले, हे खरे. मात्र गरज नसताना, जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस घेतलेल्या याच औषधाने बुरशीला दार उघडून दिले.

एकदा शिरकाव झाला, की ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते. तिथे गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. म्हणजे काळा रंग बुरशीचा नव्हे, तर मेलेल्या मांसाचा! नाकाशेजारच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत आणि तेथून मेंदूत, अशी तिची वाट. मधल्या हाडांच्या भिंती अगदी पातळ असतात.

कांद्याची अफवा

त्या दिवसांत फ्रिजच्या रबरावरील आणि कांद्याच्या सालीवरील काळ्या बुरशीमुळे हा रोग होतो, अशी अफवा पसरली. अनेक गृहिणींनी धास्तीने कांदे फेकून दिले. वास्तविक ती बुरशी निराळी. शिवाय हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढण्याची किंवा त्याला दूर ठेवण्याची गरज नसते.

मेंदूला ग्रासणाऱ्या बुरशी इतरही आहेत. कबुतरांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत आढळणारी क्रिप्टोकोकस ही बुरशी फुफ्फुसांतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्यांना तिचा धोका अधिक. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी डोकेदुखी व ताप ही तिची खूण. पाठीच्या कण्यातील पाणी तपासून तिचे निदान होते.

डोळा की जीव?

काळ्या बुरशीत केवळ औषधाने भागत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागतो. कधी वरचा जबडा जातो, तर कधी जीव वाचवण्यासाठी डोळा काढण्याचा निर्णय कुटुंबाला घ्यावा लागतो. सोबत अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध बरेच दिवस शिरेतून द्यावे लागते. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात ते मिळाले. रोगही मातीतला आणि उताराही मातीतलाच! पण या औषधाने मूत्रपिंडांवर ताण पडतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात. २०२१ च्या मे महिन्यात तर त्याच्या कुप्यांसाठी नातेवाइकांना दारोदार भटकावे लागले.

ही वेळ येऊ नये, यासाठी घरच्यांची नजर हवी. स्टेरॉइड सुरू असताना आणि नंतरही साखर नियमित तपासावी. ही औषधे मनाने सुरू करू नयेत आणि मनाने एकदम बंदही करू नयेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कुंड्यांत माती-खत घालताना मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एकच बाजू दुखली, सुजली वा बधिर झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. दुर्बिणीने नाक तपासून, तेथील नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुढची दिशा ठरते.

कोरोनाची ती लाट ओसरली, पण घराघरांतला मधुमेह कुठे गेला आहे? 'दुखतोय जरा गाल, होईल बरा,' असे घरातील वडीलधारे म्हणाले, तर त्यांचे ऐकू नका. त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या.