महालक्ष्मीचा नैवेद्य आणि गृहस्थाचे हात

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा उत्सव. आमच्या वऱ्हाडात त्याला 'महालक्ष्म्या' म्हणतात. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या बाजूस ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, तेथे दिवाळीहूनही मोठी धांदल असते. कित्येक दिवस आधीपासून घराची झाडलोट, भांड्यांची घासपूस, फुलोऱ्याचे तळण; पूजनाच्या दिवशी पहाटेपासून पुरण, आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या. पंगती उठता उठता दुपार कलते. प्रसाद उत्तम झाला असे सर्व म्हणतात. परंतु ज्या गृहिणीने तो सिद्ध केला ती पानावर केव्हा बसली, हे पंगतीतील कोणालाच ठाऊक नसते. शेतकऱ्याच्या घरी तर याच दिवसांत तिच्यामागचे शेतीचे कामही सुटलेले नसते. लक्ष्मीच्या उत्सवात घरच्या लक्ष्मीनेच थकून भिंतीला टेकावे, हे त्या जगन्मातेला तरी कसे रुचावे?

घरकामात पतीने हात लावावा असे म्हटले की, 'हे नवे खूळ आहे, आपल्या धर्मात असे नाही,' असे उत्तर मिळते. म्हणून प्रथम शास्त्राकडेच वळू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात 'पंचसूना' सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जीवहिंसेचे ठिकाण. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने होत. यांच्या नित्य वापरात सूक्ष्म जीव मरतात. तो दोष फिटावा म्हणून पंचमहायज्ञ सांगितले आहेत. आता सुज्ञ वाचकांनी एवढेच पाहावे की, हा दोष शास्त्रकारांनी कोणाच्या माथी ठेवला? तो गृहस्थाच्या माथी ठेवला आहे. चुलीचा आणि केरसुणीचा दोष गृहस्थाचा, पण चूल आणि केरसुणी मात्र एकट्या गृहिणीची, हा न्याय कोठला? ज्याच्या नावे दोष लिहिला, त्याच्या नावे कामही लिहिले पाहिजे.

'पत्नी' हा शब्दच पाणिनीने यज्ञाच्या संबंधाने सिद्ध केला आहे. 'दम्पती' या शब्दाचा अर्थ घराचे दोन धनी. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील एका सूक्तात एकचित्त झालेले पतिपत्नी मिळून सोम पिळतात व धुतात, असे वर्णन आहे. पिळणे आणि धुणे ही कामे तेथे दोघांची आहेत, एकटीची नाहीत.

आमच्या वाशीमचा तर या विषयाशी विशेष संबंध आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे ती वधू देशोदेशी फिरली आणि विदर्भात येऊन त्यांचे मन जुळले. साहित्य म्हणजे सहित असण्याचा भाव. ज्या भूमीत हा विवाह झाला असे कवींनी मानले, तेथील घराघरांत पती ओसरीवर आणि पत्नी धुरात, असा वियोग का असावा?

संतांकडे पाहावे तर तेथेही हेच दिसते. जनाबाईसोबत प्रत्यक्ष पांडुरंग जाते ओढू लागला, ही कथा आम्ही कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने भगवंताने पाणी भरले, असेही भाविक मानतात. आणि आमच्या वऱ्हाडचेच गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत व रात्री कीर्तनास उभे राहत. शेगावी श्रीगजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी पुरुष फरशी झाडतात, पंगती वाढतात, उष्टी उचलतात, आणि त्यात धन्यता मानतात. भंडाऱ्यासाठी मोठ्या कढईवर घाम गाळणारे आचारीही बहुधा पुरुषच. अर्थात पुरुषाला ही कामे येत नाहीत असे नाही. देवळात केली तर ती सेवा ठरते आणि घरात केली तर लाज वाटते, एवढाच काय तो भेद. शेगावी पत्रावळी उचलणारा हात घरी स्वतःचे ताट उचलीत नसेल, तर ती सेवा उंबरठ्याबाहेरच राहिली म्हणायची.

ही केवळ आमचीच तक्रार नव्हे. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली. घरातील विनामोबदला कामात दर शंभर पुरुषांपैकी सुमारे २६ जणांचाच हात लागलेला आढळला. स्त्रियांत हे प्रमाण शंभरात ८१ होते. जे करतात त्यांच्यातही पुरुषाची दिवसाकाठी ९७ मिनिटे, तर स्त्रीची २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास.

मग पतीस कामाला लावावे कसे? माताभगिनींना आमचे सांगणे असे की, ऐन घाईत चिडून बोलू नये. बोललेले शब्द तेवढे लागतात, काम होत नाही. सण येण्यापूर्वी निवांत बसून कामांची यादी करावी आणि त्यातील एखादे संपूर्ण काम पतीकडे सोपवावे. भाज्या आणून निवडणे व चिरणे, पाणी भरणे, पंगत वाढणे, शेवटी भांडी घासणे, यांपैकी जे जमेल ते. एकदा सोपवल्यावर त्यात पुन्हा हात घालू नये. फोड जाड झाली म्हणून देवी रागावत नाही. सोवळ्याची अडचण सांगितली जाते. पण स्नान करून सोवळे नेसण्यास पुरुषाला कोणी मना केले आहे?

घरातील सासूबाईंचा वाटा यात मोठा आहे. मुलाच्या हाती केरसुणी दिसताच 'बायल्या' म्हणून हसणारा पहिला आवाज पुष्कळदा त्यांचाच असतो. त्याऐवजी 'बरे केलेस हो बाळा,' एवढे शब्द त्यांच्या मुखातून निघाले, तर निम्मे काम झालेच. नातवंडे हे सारे पाहत असतात, आणि पुढील संसार ती पाहिलेलेच करतात.

पुरुष वाचकांस एकच विनंती. यंदा महालक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेवटची पंगत आपण वाढावी, आणि त्या पंगतीत घरच्या गृहिणीला पाटावर बसवून पहिली पुरणपोळी तिच्या पानावर घालावी. त्यानंतर उठलेली भांडी आपणच आवरावीत. दुसऱ्या दिवशी विसर्जन होईल, मुखवटे पेटीत जातील. हे काम मात्र विसर्जित करू नये. दोघांच्या हातांनी चालणाऱ्या घरी महालक्ष्मी अखंड वास करो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.