ओटा, फडताळे आणि माणसाचे माप

व्याख्यानमालेत अर्थकारणाचा, साहित्याचा, फार तर आरोग्याचा विचार व्हावा. स्वयंपाकघरातील कपाट किती उंच असावे हा काही व्यासपीठावरचा विषय नव्हे, असे काही श्रोत्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या ओट्यापुढे घरातील एक माणूस रोज तीन-चार तास उभे राहते, तो दोन-तीन इंच चुकला तर त्याची किंमत पुढची वीस-पंचवीस वर्षे पाठीने आणि खांद्यांनी भरावी लागते. भिंतीचा रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो. एकदा बसविलेला दगड सहसा कोणी हलवीत नाही. म्हणून या मापांचा विचार सुतार दारात येण्यापूर्वीच करावयास हवा.

आपल्या जुन्या स्वयंपाकघराने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता. चूल जमिनीवर, बसावयास पाट, चिरावयास विळी. पीठ मळताना हात वरून परातीत उतरे आणि अंगाचा भार मळण्यास मिळे. मापेही शरीरावरूनच घेतलेली : बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात. त्या स्वयंपाकघरात धूर होता, गुडघे दुखत होते. त्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ज्याला वावरावयाचे त्याच्या अंगाचे माप घ्यावे, हे त्यातील तत्त्व आजही खरे आहे.

उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि माप माणसाकडून कारखान्याकडे गेले. या बदलातील एक टप्पा जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराचा. तेथील नव्या कामगार वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार स्त्रीने एक स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. एवढ्या जागेत ओटा, कपाटे, धान्याचे अॅल्युमिनियमचे डबे आणि बसून काम करण्यासाठी स्टूलही होते. पावले कमी पडावीत, हात लांबविला की वस्तू मिळावी, हा तिचा विचार. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे झाली. आपल्याकडे तयार कपाटांची पद्धत आली ती मात्र विचार मागे ठेवून, केवळ ६० सेंटिमीटरचा आकडा घेऊन आली.

प्रथम ओट्याची उंची. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून चार इंच वजा केले की चिरण्या-निवडण्याच्या कामाची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येते. म्हणजे ओटा ३३-३४ इंचांचा. साडेपाच फूट उंचीला तोच ओटा ३७ इंचांच्या आसपास जातो. माप घेताना घरात चपला वापरण्याची सवय असेल तर त्या पायात असाव्यात. आणि ते तयार फरशीपासून धरावे. गवंड्याने कच्च्या जमिनीपासून मोजले आणि नंतर वर कोबा व फरशी चढली, तर ओटा तेवढाच बुटका होऊन बसतो.

येथे एक अडचण आहे. ओट्यावर शेगडी ठेवली की आणखी चार-पाच इंच चढतात, त्यावर कढई. आणि खांदा उचलून ढवळावे लागते. उलट भांडी घासण्याचे काम सिंकच्या तळाशी, सात-आठ इंच खाली चालते; तेथे पाठ वाकते. म्हणून जमल्यास शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घ्यावा आणि सिंक फार खोल घेऊ नये. एकाच सपाट दगडाचा मोह सुटत नसेल, तर जे काम सर्वांत अधिक वेळ चालते त्याला माप द्यावे.

आता खालची कपाटे. ओट्याची खोली दोन फूट पुरते. त्याहून खोल कपाटात मागचा डबा वर्षभर उजेड पाहत नाही. तळाशी तीन इंच आत व चार इंच उंच अशी पावलांसाठी खाच ठेवावी. ती नसेल तर पावले मागे राहतात आणि कंबर पुढे झुकते.

कपाटाचे बाहेरचे माप आणि आतले माप यांत पुष्कळ गफलत होते. बाहेरून ६०० मिलिमीटर रुंद कपाट घेऊ. दोन्ही बाजूंचे प्लायवूड १८-१८ मिलिमीटर, उरले ५६४. ट्रॉली सरकविणाऱ्या पट्ट्या दोन्हीकडे मिळून सुमारे २५ खातात, खणाच्या स्वतःच्या दोन बाजू २४. हाती उरतात ५१५. सव्वातीन इंचांहून अधिक जागा अशी लाकडात जाते. २१ इंची परात, म्हणजे सुमारे ५३३ मिलिमीटर, त्या खणात बसणार नाही, हे कपाट झाल्यावर कळण्यात काय अर्थ?

वरच्या कपाटांचेही असेच. ओटा ३३ इंचांचा, मध्ये २१ इंच मोकळे. पहिली फळी ५४ इंचांवर. एकेका फुटाने दुसरी ६६ आणि तिसरी ७८ इंचांवर. पाच फुटी व्यक्तीचा हात ओट्यावरून पहिल्या दोन फळ्यांपर्यंत जातो. तिसरीसाठी स्टूल लागते. म्हणून चहा-साखर, मसाले खाली ठेवावेत. अनारसे-चकल्यांचे साचे वर. घरात वृद्ध माणसे असतील तर जड बरणी कधीही वर ठेवू नये. या कपाटांची खोली एक फूट असते. पण दार आणि मागची फळी वजा जाता आत अकराच इंच राहतात, आणि बारा इंची ताट आडवे राहत नाही.

गॅसचे सिलिंडर ओट्याखाली ठेवावयाचे असल्यास आधी त्याचेच माप घ्यावे. वर नळी व रेग्युलेटर यांना जागा सोडावी. हा वायू हवेहून जड असल्याने गळाल्यास खाली साचतो. म्हणून त्या कपाटाला जमिनीलगत मोकळी जाळी हवीच. ती शोभेची बाब नव्हे.

मग करावे काय? घरातील सर्वांत मोठी परात, सर्वांत उंच डबा, कुकर आणि ताट यांची मापे कागदावर उतरावीत. रोजच्या, आठवड्याच्या आणि सणाच्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. नंतर जुन्या पुठ्ठ्याचे खोके किंवा फळी मांडून ठरविलेल्या उंचीवर एक दिवस पोळ्या लाटून पाहाव्यात. एवढ्याने बहुतेक चुका कळून येतात, आणि खर्च काहीच नाही.

शेवटी एकच सांगावयाचे. घर बांधताना नकाशावर सही एकाची असते, पैसे दुसऱ्याचे असतात, आणि ओट्यापुढे उभे तिसरेच माणूस राहते. बहुतेक घरांत त्या तिसऱ्या माणसास दगडाचा रंग विचारतात, उंची विचारीत नाहीत. ती विचारावी, आणि घरात दोघे रांधत असतील तर दोघांनाही विचारावी.