पाकिटावरची तारीख आणि ओट्यावरचा भात

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर दोन तऱ्हेच्या तारखा असतात आणि घरोघरी दोन्हींना सरसकट ‘एक्स्पायरी’ म्हटले जाते. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख. तोवर बिस्किट खुसखुशीत आणि चहा सुवासिक राहावा, अशी अपेक्षा असते. ती उलटली की बिस्किट सादळते, विषारी होत नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेचीही मर्यादा. त्यानंतर माल विकता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी ही दुसरी तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवली. साखर, व्हिनेगर अशा मोजक्या वस्तूंना मात्र यातून सूट आहे, कारण त्यांत जंतू वाढतच नाहीत.

तारीख उलटलेली नाही म्हणजे पदार्थ खुशाल खावा, हा समज अधिक घातक. छापील तारीख धरते ती बंद आणि सांगितल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटाला. महिनोन्‌महिने कपाटात टिकणारे टेट्रापॅकमधले दूध एकदा फोडले की साध्या दुधासारखेच नाशिवंत होते. मग ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. दुपारभर बाहेर राहिलेल्या पनीरच्या तारखेलाही काही अर्थ उरत नाही.

‘वास तर येत नाही ना?’ ही स्वयंपाकघरातली नेहमीची कसोटी अर्धीच खरी आहे. अन्न आंबवणारे, विटवणारे जंतू वास आणतात. आजारी पाडणारे बहुधा आणत नाहीत. साल्मोनेलाने दूषित झालेले अन्न चवीला उत्तम लागू शकते. लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो. फ्रीजर जंतूंची वाढ थांबवतो, त्यांना मारत नाही.

उकळले की सगळे मरते, हाही असाच भरवसा. तांदळात बॅसिलस सिरिअस या जंतूची बीजे असू शकतात आणि ती भात शिजतानाही तगतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष 121 अंश सेल्सिअसलाही टिकते, तिथे फोडणीचे काय चालणार? फोडणीचा भात बिचारा उगाच बदनाम आहे. दोष सकाळच्या कढईचा नसून रात्रीच्या पातेल्याचा असतो. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत, विदर्भातल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच, 5 अंशांखाली ठेवावा. मग सकाळी खुशाल फोडणी द्यावी.

बुरशीचा डाग कापून उरलेला ब्रेड खाणेही बरोबर नाही, कारण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच आत गेलेले असतात. शेंगदाणे आणि मका यांवरील अस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली.

उलट काही पदार्थ विनाकारण कचऱ्यात जातात. आंबट झालेले दही खराब झालेले नसते. त्याची कढी होते. पाण्यात तरंगणारे अंडे जुने असते, कारण त्यातली हवेची पोकळी मोठी झालेली असते, पण तेवढ्यावरून ते नासले असे ठरत नाही. फोडल्यावर येणारा वास ते सांगतो. लोणच्याला मीठ, आंबटपणा आणि तेल सांभाळते, म्हणून ओला चमचा छापील तारखेपेक्षा त्याचे अधिक नुकसान करतो.

फुगलेल्या हवाबंद डब्याला मात्र सवलत नाही. आत बोट्युलिनमचे विष असू शकते आणि त्याचा अत्यल्प अंशही जीवघेणा ठरतो. वरची तारीख काहीही असो, असा डबा चाखूनसुद्धा पाहू नये.