मॅमोग्राफी की सोनोग्राफी: हिशेब पापनाशमचा

एकूण १११ कर्करोग. त्यांतले मॅमोग्राफीला दिसले ५९ आणि सोनोग्राफीला ५८. अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनातल्या २,६६२ स्त्रियांची तीन वर्षे, दरवर्षी दोन्ही तपासण्या करून आलेले हे आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रियांचे स्तन दाट ऊतींचे होते आणि त्यांना कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांहून अधिक होता, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही एवढ्यावरून कुणालाही वाटेल की सोनोग्राफी स्वस्त आहे, तिच्यात क्ष-किरण नाहीत, स्तन दाबून धरावा लागत नाही, मग मॅमोग्राफीचा हट्ट कशाला?

त्याच अभ्यासातले पुढचे आकडे पाहिले की चित्र बदलते. मॅमोग्राफीत संशय आला म्हणून केलेल्या दर १०० बायोप्सींपैकी ३८ मध्ये कर्करोग निघाला. सोनोग्राफीच्या बाबतीत १०० पैकी जेमतेम १२. म्हणजे सोनोग्राफीमुळे सुई टोचून घेतलेल्या ८८ जणींना कर्करोग नव्हताच. मात्र सोनोग्राफीने पकडलेल्या ५८ पैकी ५३ कर्करोग आजूबाजूच्या ऊतीत घुसणारे होते. मॅमोग्राफीच्या ५९ पैकी असे ४१. दोन्ही यंत्रे सारख्याच संख्येने कर्करोग पकडतात, पण तेच कर्करोग पकडतात असे नाही.

कारण दोघांची नजर वेगळी आहे. मॅमोग्राफीत दाट ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, त्यामुळे तरुण, दाट स्तनात गाठ हरवते. सोनोग्राफीत गाठ बहुधा काळसर उठून दिसते. पण दुधाच्या नलिकांत साठलेले कॅल्शियमचे बारीक कण, जे कधी कधी कर्करोगाची पहिली खूण असतात, ते टिपावेत मॅमोग्राफीनेच.

दोन्ही एकत्र केल्या तर? जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या ७२,९९८ स्त्रियांवर हाच प्रयोग झाला. निम्म्या जणींची फक्त मॅमोग्राफी, उरलेल्यांची दोन्ही. नुसत्या मॅमोग्राफीने हजारी ३.२ कर्करोग सापडले, दोन्हींनी ५. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आपणहून उघड झालेले कर्करोग एकूण ३५ वरून १८ वर आले. हे यश मोठे आहे. त्याची किंमत अशी की निरोगी असूनही 'पुन्हा या' असे सांगितल्या गेलेल्या स्त्रिया हजारी ८६ वरून १२३ वर गेल्या. एका जादा कर्करोगामागे सुमारे २० जणींना नाहक धास्ती.

आता हा हिशेब तमिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधल्या पापनाशम तालुक्यात मांडून पाहू. एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्याचा हा मुलूख. आज भातशेतीचा, बहुतांशी ग्रामीण. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जपानमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा वयानुरूप दर लाख स्त्रियांमागे सुमारे ७६, भारतात सुमारे २६. म्हणजे तिसरा हिस्सा. यंत्र तेच, वाचणारा डॉक्टर तितकाच तयारीचा धरला, तरी धोक्याच्या खोट्या घंटा कमी होत नाहीत. त्या निरोगी स्त्रियांच्या संख्येवर ठरतात. कमी होतात ते फक्त सापडणारे कर्करोग. हजारी १.८ ऐवजी ०.६ जादा कर्करोग आणि ३७ जादा नाहक बोलावणी, म्हणजे एका कर्करोगामागे साठेक जणी. चेन्नईचा शहरी दर लाखामागे सुमारे ४२ आहे. तो धरला तरी ३७. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्याची दिशा चुकत नाही. जपानचा निष्कर्ष उचलून गावोगाव सोनोग्राफीची शिबिरे भरवणाऱ्यांनी तो एकदा तरी करावा, असे मला कळकळीने वाटते.

शिवाय मृत्यूंचा प्रश्न उरतोच. जास्त कर्करोग सापडणे आणि कमी स्त्रिया मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५० ते ६९ वयात मॅमोग्राफीसाठी बोलावलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अभ्यासांच्या आधारे मांडले आहे. सोनोग्राफीच्या नावावर असा पुरावा अजून जमा नाही.

ज्या अभ्यासाने आपल्याकडच्या स्त्रियांबद्दल सर्वांत मोलाचे सांगितले, त्यात मॅमोग्राफी नव्हती आणि सोनोग्राफीही नव्हती. १९९८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलने डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटाची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्युदर लाखामागे ३४.७ ऐवजी २४.६, म्हणजे जवळजवळ ३० टक्के घट. सर्व वयांचा मिळून फरक १५ टक्क्यांचा, आणि तो योगायोग नाही असे ठामपणे म्हणण्याइतका भक्कम नव्हता. पन्नाशीच्या आत तर मृत्यूंत ठामपणे सांगावी अशी घट दिसलीच नाही. सोनोग्राफीची मागणी होते ती नेमकी याच वयोगटासाठी, म्हणून हा अपुरेपणा मला अस्वस्थ करतो. पन्नाशीपुढचा निकाल मात्र आशेचा आहे. वीज, फिल्म, रेडिओलॉजिस्ट, काहीही न लागणाऱ्या तपासणीने ती घट आणली.

तंजावर जिल्ह्याला हा मार्ग अनोळखी नाही. २००७ ते २०१० या काळात तमिळनाडूने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा पथदर्शी प्रकल्प दोनच जिल्ह्यांत राबवला, थेनी आणि तंजावर. नंतर राज्यभर विस्तार झाला तेव्हा तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणीही त्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्या देशात ०.९ टक्के होत्या, तमिळनाडूत ५.६. देशाच्या सहापट. पण तरीही १०० पैकी ९४ जणींना कुणी तपासलेलेच नव्हते, आणि आपण वाद घालतोय यंत्रांचा!

यंत्राची जागा या पायरीनंतरची आहे. हाताला गाठ लागली की तपासणी ही सरसकट चाळणी राहत नाही, निदान सुरू होते, आणि तिथे सोनोग्राफी हवीच हवी. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. चाळिशीपुढे आधी मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. संशय राहिला तर बायोप्सी. इथे खोट्या घंटांचा हिशेब मागे पडतो, कारण गाठ असलेल्या स्त्रियांत कर्करोगाची शक्यताच जास्त असते. सोनोग्राफी यंत्र गावोगाव नेण्यात एक अडसर कायद्याचाही आहे. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा यंत्रांची नोंदणी सक्तीची आहे आणि ती हवी तिथे फिरवता येत नाहीत. मुलींच्या जीवासाठी केलेला तो कायदा सैल करू नये. त्यापेक्षा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी स्तनाच्या सोनोग्राफीत तयार झालेला डॉक्टर बसवावा. या तपासणीत यंत्राइतकाच फरक ते धरणाऱ्या हाताने पडतो.

पापनाशमहून तंजावर सुमारे २५ किलोमीटरवर, आणि तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंतर फार नाही. पण मजुरी बुडवून, आज नोंदणी, उद्या तपासणी, आठवड्याने अहवाल अशा फेऱ्या घालाव्या लागल्या की बाई मधेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तीन आकडे समोर ठेवले आहेत: ६० टक्के कर्करोग पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, निदान ६० दिवसांत पुरे व्हावे, ८० टक्के स्त्रियांचे उपचार पूर्ण व्हावेत. यांतला मधला आकडा जिल्ह्याच्या हातात आहे. त्यासाठी रुग्णाच्या चिठ्ठीवर दोन तारखा लिहाव्या लागतील, परिचारिकेच्या हाताला गाठ लागली ती आणि बायोप्सीचा अहवाल आला ती. त्या दोहोंमधले दिवस जिल्हा आरोग्य कार्यालयाने दरवर्षी तालुकावार जाहीर करावेत.